पाळधीपर्यंत उत्तर

आमच्या कचेरीत चाकांच्या खुर्च्या आल्या त्या दिवशी नानांनी आपली खुर्ची शिपायाला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी घरून एक लाकडी स्टूल घेऊन आले. घर धुळ्याला आणि कचेरी जळगावला. म्हणजे ते स्टूल एसटीच्या टपावर बसून पारोळा-एरंडोल करत आलं होतं. कंडक्टर म्हणाला, 'याचं अर्धं तिकीट लागेल.' नाना म्हणाले, 'फाड. पण मग ते खाली सीटवर बसेल.' कंडक्टरने तिकिटांची पेटी बंद केली. चाकांच्या खुर्चीबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं. जी खुर्ची पळते तिच्यावर बसून विचार करता येत नाही.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि मला असल्या माणसांची चीड यायची. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. एकतीस डिसेंबरला साऱ्या जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून शहाणी माणसं धास्तावली होती, आणि मी मात्र जळगावात जावा ही कॉम्प्युटरची नवी भाषा येणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या लोकांत आपला नंबर लावून छाती काढून फिरत होतो. केळी उत्पादकांच्या एका संस्थेत मला नोकरी लागली. तिथल्या कॉम्प्युटर विभागात दोन माणसं आणि एक प्रिंटर. मी, नाना, आणि तो प्रिंटर, जो फक्त नानांचं ऐकायचा.

नाना माझे साहेब होते. पंचावन्न वर्षांचे, बारीक अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यातलं निळं पेन मागणाऱ्यासाठी आणि काळं स्वतःसाठी. बँकेत, पोस्टात, एसटीत कुणीही पेन मागितलं की निळं मिळे. काळं पेन त्यांनी कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा चेअरमन आबांनी सहीसाठी हात पुढे केला, तर नानांनी त्यांच्याही हातात निळंच ठेवलं.

या माणसाने उमेदीची सव्वीस वर्षं धुळ्याला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर काढली होती. मग एक दिवस त्या खिडकीत कॉम्प्युटर आला, आणि त्याच्याशी बोलता येत नाही हे काही नानांना सहन झालं नाही. त्यांनी अठरा वर्षांच्या पोरांत बसून क्लास लावला. क्लासचा सर अर्ध्यावरच सोडून पुण्याला गेला. तेव्हा उरलेला अभ्यासक्रम नानांनीच त्या पोरांना शिकवला, आणि शेवटी त्यांच्याबरोबर परीक्षेलाही बसले. पुढे खिडकीची नोकरी सोडली आणि आमच्या संस्थेत आले. जावाचं जाडजूड पुस्तक त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून वापरलं. दोन वर्षांत त्याच्या एका पानाचाही कोपरा दुमडलेला नव्हता.

खिडकी सुटली, पण खिडकीची सवय सुटली नाही. प्रोग्राममधल्या चुकांची नाना नोंदवही ठेवत. लाल कापडी बांधणीची, आडव्या पानांची. त्यात रकाने होते. चुकीचं नाव. जन्मदाता. प्रथम पाहिली कोणी. मृत्यूचं कारण. आणि शेवटचा रकाना, वारस. एखादी चूक दुरुस्त केल्यावर ती दुसरीकडे कुठे पिल्लं घालून ठेवलेली नाही याची खात्री झाली, की त्या रकान्यात ते काळ्या पेनाने 'नाही' लिहीत. तोवर तिथे 'शोध चालू' असे. माझ्या चुकांपुढे वर्षभर 'शोध चालू' असायचं.

धुळे ते जळगाव हा प्रवास ते रोज करत. इकडे खोली घ्या म्हटलं तर म्हणत, 'मग विचार कधी करू?' त्यांचा हिशेब ठरलेला होता : पारोळ्यापर्यंत डुलकी, एरंडोलपर्यंत प्रश्न, पाळधीपर्यंत उत्तर. आदल्या दिवशी अडलेल्या प्रोग्रामचे छापील कागद ते मांडीवर घेऊन बसत आणि शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगत. शेजारी धरणगावच्या जिनिंगमधला मुकादम असो की पहूरला माहेरी निघालेली बाई, नानांना फरक पडत नसे. 'समोरच्याला नाही समजलं तरी चालतं,' ते म्हणत, 'सांगता सांगता आपल्याला समजलं पाहिजे.' जळगावच्या अलीकडे पाळधीला गाडी थांबली की बहुतेक वेळा ते कागदाची घडी करून खिशात ठेवत. तसं त्यांच्या गाडीने येणाऱ्या लोकांनीच मला सांगितलं होतं.

कचेरीत नाना पुस्तकी मराठी बोलत. मात्र मुद्द्याचं काही असलं की अहिराणीवर येत. मी पहिल्यांदा एक प्रोग्राम बिघडवला आणि 'चूक ऑपरेटरची आहे, कनेक्शनची आहे' असं सुरू केलं, तेव्हा त्यांनी स्टुलावरून न उठता म्हटलं, 'चूक कोनी शे ते नको सांगू माले. कोठे शे ते सांग.' ते वाक्य मी लक्षात ठेवलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं.

आमच्या संस्थेकडून शेतकऱ्यांना केळीची रोपं मिळत. कचेरीत यायचं, ऑपरेटरसमोर बसायचं, नाव, गाव, तालुका, रोपं किती, लागवडीची तारीख सांगायची. ती नोंद कॉम्प्युटरवर व्हायची आणि त्यावरून रोपांचा ट्रक त्या त्या तालुक्याच्या केंद्रावर जायचा. हे सगळं त्या सप्टेंबरापर्यंत कागदावर चाले. नानांनी त्यासाठी जावात एक ढाचा उभा केला. फॉर्म ब्राउझरमध्ये दिसायचा, भरला की आतल्या खोलीतल्या सर्व्हरकडे जायचा, तिथे तपासला जायचा. त्या ढाच्यात तालुका निवडायची ड्रॉपडाउन यादी तेवढी मी केली होती. बाणावर क्लिक केलं की पंधरा तालुके खाली उलगडायचे, अमळनेरपासून यावलपर्यंत, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. मला तिचं फार कौतुक होतं. घरी आईला दाखवायला म्हणून तिचा छापील कागदही नेला होता.

ऑपरेटर दोन होते. एक प्रभाकर, जुना माणूस, टाइपिंगवरून इकडे आलेला. दुसरी शबाना. तिचे वडील गाद्या भरायचे, भाऊ त्यांच्याच हाताखाली. त्या घरातून शाळेपुढे गेलेली आणि कचेरीत टेबलाशी बसलेली ती पहिलीच. येताना तिचे वडील तिला सायकलवर डबलसीट आणून फाटकाशी सोडत, आणि ती आत जाईपर्यंत एक पाय जमिनीवर टेकवून उभे राहत. तिच्या कामात खाडाखोड नसे. समोरचा शेतकरी जे सांगेल तेच ती लिही, स्वतःच्या मनाचं एक अक्षर घालत नसे.

ऑक्टोबरात नाना साक्रीकडे भाचीच्या मुलाच्या बारशाला आठ दिवस रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात आग लागली. यावलच्या शेतकऱ्यांची रोपं अमळनेरला जाऊन पडली. मागून रावेरची गेली, चोपड्याची गेली. अमळनेर केंद्रावरचा माणूस फोनवर रडकुंडीला आला. 'साहेब, आमच्याकडे सगळा कापूस. इतकी केळी मी लावू कुठे, घराच्या गच्चीवर?' त्यात तीन हजार रोपं चेअरमन आबांच्या सख्ख्या पुतण्याची निघाली. दोन दिवस उन्हात उभ्या ट्रकमध्ये ती सुकून गेली. आबा यावलकडचे, तोंडाने फटकळ. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, 'मले सांग, माझ्या पुतण्याची रोपं अमळनेरले काय मामाच्या गावाले गेली होती?'

मी तपास केला. अगदी शास्त्रशुद्ध केला. स्वतः बसून वीस फॉर्म भरले, तालुके बदलून बदलून निवडले. विसाच्या वीस नोंदी बरोबर. मग चुकलेल्या नोंदी काढल्या. त्या सगळ्या एकाच टेबलावरून भरलेल्या होत्या, शबानाच्या. प्रभाकरची एकही नाही. मला आणखी काय हवं होतं? मी आबांना लेखी अहवाल दिला. 'प्रोग्राममध्ये कोणताही दोष नाही. नोंदणी करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे तालुका चुकीचा निवडला गेला आहे.' खाली सही केली. हलगर्जीपणा हा शब्द लिहिताना मला जरा भारदस्तही वाटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते.

शबानाला आबांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'मी यावलच निवडलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर यावल होतं.' ती रडली नाही, हात जोडले नाहीत. आबांनी सोमवारी येऊन तिला काढून टाकायच्या पत्रावर सही करतो म्हणून सांगितलं. कामात हलगर्जी म्हणून काढलेल्या मुलीला जळगावात दुसऱ्या कुठल्या कचेरीत कोण घेणार होतं? तिच्या मोहल्ल्यात तर 'बघा, शिकवून काय मिळालं' म्हणायला लोक टपलेलेच होते.

शनिवारी नाना रजेवरून आले. अहवाल वाचला. घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, 'तू हे वीस फॉर्म कुठं बसून भरले?'

'माझ्या टेबलावर.'

'तिच्या का नाही?'

मी म्हटलं, 'टेबलाने काय फरक पडतो नाना, प्रोग्राम तोच.'

नाना उठले. स्टूल उचललं, बाहेरच्या खोलीत गेले आणि शेतकऱ्यांच्या रांगेत सर्वांत मागे ठेवून त्यावर बसले. शनिवारचा अर्धा दिवस. टोपी घातलेले नाना स्टुलासकट एकेक जागा पुढे सरकत होते. शबाना कुणाला काय विचारते, ते काय सांगतात, ती काय करते, सगळं पाहत होते. मध्येच एका शेतकऱ्याने त्यांना विचारलं, 'बाबा, तुमची किती रोपं?' नाना म्हणाले, 'माझं एकच रोप शे, पण ते उपटायला निघालेत.' दुपारी ते कुणाशी न बोलता धुळ्याच्या गाडीला निघून गेले. शबाना त्यांच्याकडे पाहत राहिली. मी नानांना मनातल्या मनात विक्षिप्त म्हणालो आणि सिनेमाला गेलो.

सोमवारी आबा दहा वाजता हजर झाले. पत्र टाइप होऊन तयार होतं, प्रभाकरनेच केलं होतं. आबांनी सहीसाठी सवयीने नानांकडे हात केला. नानांनी निळं पेनही दिलं नाही.

'आबा, अर्धा तास द्या. एक खेळ खेळायचा आहे.'

'नाना, मी येथे खेळाले आलो का?'

'तुम्हाला त्यात शेतकऱ्याचं काम आहे. जमेल.'

आबांना हसू आलं, तिथेच नाना अर्धी लढाई जिंकले. त्यांनी शबानाला तिच्या टेबलाशी बसवलं. तिच्यासमोर आबा. मला आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, दुसऱ्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, 'तू सर्व्हर.' प्रभाकरला दोन्ही टेबलांच्या मध्ये उभं केलं. 'तू वायर. इकडचा कागद तिकडे न्यायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही.' माझ्यापुढे पंधरा चिठ्ठ्या ठेवल्या, एकेकीवर एकेका तालुक्याचं नाव. वर अमळनेर, तळाला यावल. आणि स्वतः माझ्याच प्रोग्रामचे छापील कागद हातात घेऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले. 'मी ओळ वाचेन. ओळीत असेल तेवढंच तू करायचं. स्वतःची अक्कल लावायची नाही. सर्व्हरला अक्कल नसते.'

शबानाने आबांना नाव, गाव विचारलं. तालुका विचारला. आबा म्हणाले, 'यावल.' तिने कोऱ्या कागदावर यावल लिहिलं. रोपं तीन हजार. मग विचारलं, 'लागवडीची तारीख?'

'तारीख काय सांगू बाई. कांदेबाग.'

आमच्याकडे केळी लावायचे हंगाम दोन. पावसाळ्याच्या तोंडाला लावतात ती मृगबाग आणि दिवाळीच्या आगेमागे लावतात ती कांदेबाग. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढं सांगितलं की झालं. नेमका दिवस त्याची पाण्याची पाळी आल्यावर ठरतो, तो आधी कोण सांगणार? पण माझा प्रोग्राम तारीख मागायचा. शबानाने समोरच्याने सांगितलं तेच लिहिलं : कांदेबाग. कागद प्रभाकरच्या हाती दिला. प्रभाकरने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

नानांनी ओळ वाचली. 'तारीख तारखेसारखी आहे का?'

'नाही.'

'नसेल तर फॉर्म परत पाठव. चूक दाखव. आधी भरलेलं सगळं जसंच्या तसं ठेव, म्हणजे बिचारीला पुन्हा भरावं लागू नये. बरोबर?'

'बरोबर.' ही सोय मीच केली होती.

'नाव ठेव. गाव ठेव. रोपं ठेव. आता तालुका. तुझी ओळ म्हणते, यादीतलं एकेक नाव घे आणि आलेल्या नावाशी एकच आहे का पाहा. एकच असेल तर त्यावर खूण कर.'

मी अमळनेरची चिठ्ठी उचलली. नाही. भडगाव. नाही. असं करत तळाच्या यावलपर्यंत आलो, आणि म्हटलं, 'हो.'

'कशावरून?'

'दोन्हींवर यावल लिहिलंय की.'

'तू वाचू नको,' नाना म्हणाले, आणि त्यांची भाषा बदलली. 'तुना प्रोग्राममा वाच असं लिखेल शे का? तू दोन बरोबरच्या खुणा मांडेल शेत. त्या काय इचारतस? अक्षर सारखं शे का, असं इचारतस, का ही चिठ्ठी म्हणजेच ती चिठ्ठी शे का, असं इचारतस?'

माझ्या डाव्या हातात माझ्या यादीतली चिठ्ठी होती. उजव्या हाताखाली शबानाचा कागद होता. दोन्हींवर यावल. पण कागद दोन. जावात दोन शब्दांच्या मध्ये बरोबरच्या दोन खुणा (==) मांडल्या की ती एवढंच बघते, वस्तू एकच आहे की दोन. अक्षरं जुळतात का हे बघायचं तर वेगळं विचारावं लागतं, इक्वल्स म्हणून. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहून गुण मिळवले होते. यादी बनवून पहिल्यांदा तपासली तेव्हा निवडलेलं नावही मीच प्रोग्राममध्ये लिहिलं होतं आणि यादीही मीच लिहिली होती. जावाने ती दोन्ही एकच वस्तू धरली आणि सगळं जुळलं. बाहेरून, दुसऱ्या माणसाच्या हातून नाव येईल हे मी धरलंच नव्हतं.

'एकच आहे का?' नानांनी पुन्हा विचारलं.

'नाही,' मी म्हणालो.

'मग खूण कशावर?'

'कशावरच नाही.'

'आणि कशावरच खूण नसली की पडद्यावर काय दिसतं?'

खूण नसली की यादीतलं पहिलंच नाव दिसतं. मी वरची चिठ्ठी उचलली. अमळनेर. प्रभाकरने ती आणि तो कागद शबानाच्या टेबलावर नेऊन ठेवला. शबाना आबांना म्हणाली, 'तारीख नेमकी लागते म्हणे,' आणि त्यांनी अंदाजे सांगितलेली तारीख तिने भरली. तालुक्याकडे तिने पाहिलं नाही. का पाहावं? तो तर तिने आधीच निवडला होता. तिचं बोट कागद पुढे सरकवायला उठलं आणि तिथेच थांबलं. तिने अमळनेरची चिठ्ठी पाहिली. मग आबांकडे पाहिलं. आबांनीही ती चिठ्ठी पाहिली होती.

नाना प्रभाकरकडे वळले. 'तुझा फॉर्म कधी परत आला होता?'

'नाही बुवा. एकदाही नाही.'

'तारीख काय भरतोस?'

वायरला बोलायची बंदी होती, पण प्रभाकर बोलला. 'एक नोव्हेंबर.'

'बठ्ठास्ले? सगळ्यांना तीच?'

'कुणी तारीख सांगतच नाही नाना. मग मी आपली एक नोव्हेंबर टाकून देतो. काम अडत नाही.'

एवढंच होतं सगळं. जो मनाची तारीख ठोकून देत होता त्याचा फॉर्म एका फटक्यात पार व्हायचा. जी खरं लिहायची तिचा परत यायचा, आणि परत येताना मी तिचा तालुका बदलून पाठवायचो. माझे वीस फॉर्म का बरोबर आले तेही कळलं. मीही तारखा मनाच्याच घातल्या होत्या.

प्रोग्रामचे कागद नानांनी माझ्यापुढे ठेवले, स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आबा माझ्याकडे पाहत होते, प्रभाकर पाहत होता. फक्त शबाना खाली पाहत होती. माझ्या अहवालाची घडी नानांच्या खिशातून वर डोकावत होती.

मी उठलो आणि म्हणालो, 'आबा, चूक माझी आहे. तिने यावलच निवडलं होतं. तो अहवाल खोटा आहे, मला परत द्या.' मग मी शबानाकडे वळून म्हटलं, 'माफ करा. मी तुमच्या टेबलावर येऊन बसायला पाहिजे होतं.' तिने मान वर केली. तिचे डोळे तेव्हा भरले, आठ दिवसांत पहिल्यांदा.

नानांनी खिशातून अहवाल काढून माझ्या हातात दिला. मी तो फाडला. आबांनी ते टाइप केलेलं पत्र घेतलं आणि आपल्या हातानेच फाडलं. दुरुस्तीला मला तीन मिनिटं लागली. शबानाने पहिला फॉर्म भरला, मुद्दाम कांदेबाग लिहून. फॉर्म परत आला, आणि तालुक्याच्या जागी यावल तसंच होतं. प्रभाकरने टाळी वाजवली. बाहेर रांगेतल्या शेतकऱ्यांनीही वाजवली, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी तारखेची सक्ती काढून टाकली आणि तिथेही एक यादी दिली. मृगबाग, कांदेबाग. शेतकऱ्यांना ती एवढी आवडली की काही जण नुसती बघायला म्हणून मान पुढे करत.

आता नानांचा एक कायदा सांगायचा राहिला. मोठी चूक मेली की तिचं तेरावं घालायचं, आणि ते जळगावजवळच्या असोद्याला कुणाच्या तरी शेतात भरताच्या पार्टीने. हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, वर मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. त्यातही नियम होते. चुकीच्या जन्मदात्याने गरम वांगी सोलायची. ज्याने चूक पहिल्यांदा पाहिली त्याचं पहिलं ताट. बाकीच्यांनी त्याचं जेवण सुरू झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही सगळे असोद्याला जमलो. शबानाचे वडीलही सायकलवरून आले होते. त्यांना नानांनी आपल्या शेजारी, स्टुलावर बसवलं. स्टूल त्या दिवशी असोद्याच्या गाडीतून आलं होतं. मी काड्यांच्या निखाऱ्यापाशी बसून वांगी सोलत होतो आणि बोटं फुंकत होतो. मध्येच मी विचारलं, 'नाना, तुम्हाला कधी कळलं?'

'माले पाळधीलेच समजनं.'

'मग आबांना सरळ सांगायचं. मला सर्व्हर कशाला केलंत?'

'मी सांगितलं असतं तर पोर सुटली असती,' नाना म्हणाले. 'तू नसता सुटला.'

मग त्यांनी लाल नोंदवही काढली. आयुष्यभर जन्म-मृत्यू लिहिणाऱ्या माणसाने सांगितलं, 'सव्वीस वर्षं मी खिडकीतून ओरडायचो, नुसतं नाव नका बघू, माणूस बघा. नाव काय, कोनी बी लावस. या चुकीत उलटं निघालं. नाव बघायचं होतं आणि याचा प्रोग्राम माणूस शोधत बसला.' त्यांनी वही उघडली आणि वाचत गेले. चुकीचं नाव, अमळनेर. जन्मदाता, माझं नाव. ते ऐकताना मला वाईट वाटलं नाही.

'थांबा नाना,' आबा म्हणाले. ते बांधावर उभे होते. 'या पोराची चूक कॉम्प्युटरातली. पत्र टाइप कराले मी सांगितलं. बाईले एक शब्द मी नीट विचारला नाही. जन्मदात्यात माझं बी नाव घाला.'

नानांनी शांतपणे विचारलं, 'मग नियम माहीत आहे ना आबा?'

आबांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, माझ्याशेजारी मातीत मांडी घातली आणि एक जळतं वांगं उचललं. 'आयो,' म्हणाले, आणि बोटं तोंडात घातली. शबानाच्या वडिलांनी हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. पहिलं ताट आबांनीच भरलं, दोन्ही हातांनी धरून शबानापुढे ठेवलं, आणि संस्थेची पंचवीस माणसं तिच्या पहिल्या घासाकडे बघत थांबली.

तिने घास घेतला. नीट चावला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

'मीठ कमी आहे,' ती म्हणाली.

तिने खरं तेच सांगितलं होतं. नाना इतके हसले की त्यांची टोपी पडली. त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. 'प्रथम पाहिली कोणी, तिथं तुझं नाव तूच लिख माय. आणि हाई मिठाचंबी लिख, नवी ओळ घे.'

तिने पेनासाठी हात पुढे केला. नानांनी खिशाकडे हात नेला आणि काळं पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने आपलं नाव लिहिलं. मग वारसाच्या रकान्यात, कुणाला न विचारता, ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाही.' पेनाला टोपण लावून ती परत करायला गेली, तर नाना बडबड करत माझ्यासाठी वाढत होते. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पेन त्यांनी पुढे कधीच परत मागितलं नाही.